पडवीतला अर्धा डबा

कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत बेणणी आता कोयत्यापेक्षा ग्रास कटरने जास्त होते. गवताचा हंगाम सरला की मशीन पडवीत जातं आणि त्याच्या शेजारी ऑइलचा अर्धा डबाही. पुढच्या पावसाळ्यात तो हाती लागतो, तेव्हा हे ऑइल अजून चालेल का, असा प्रश्न पडतोच.

पडणारच, कारण ही इंजिनं ऑइल पितात फार थोडं. होंडाच्या जीएक्स ३५ या फोर-स्ट्रोक इंजिनात जेमतेम १०० मिली मावतं. पहिल्या १० तासांनंतर आणि पुढे दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी ते बदलायचं. वर्षातून दोनदा बदललं, तर लिटरचा डबा पाच वर्षं पुरतो. बंद डब्यातल्या इंजिन ऑइलचं आयुष्यही साधारण पाच वर्षंच धरतात. फोडलेल्या डब्याला मात्र एवढी मुदत देता येत नाही.

ऑइल दुधासारखं नासत नाही. त्यातलं मूळ खनिज तेल बराच काळ टिकतं. काळजी असते ती त्यात मिसळलेल्या रसायनांची: काजळी धरून ठेवणारी, गंज रोखणारी, धातूची झीज थांबवणारी. ती हळूहळू तळाशी बसू शकतात. दुसरा शत्रू म्हणजे ओल. दिवसा डब्यातली हवा तापून फुगते, रात्री आकसते. बूच सैल असेल तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि तिच्यातलं पाणी ऑइलमध्ये उतरतं. कोकणातल्या जुलैत पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या डब्याचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून डब्यावरच्या तारखेपेक्षा आधी ऑइल पाहावं. काचेच्या बाटलीत थोडं ओतून उजेडात धरावं. दुधाळ दिसलं, तळाशी चिकट गाळ असला, हलवूनही एकजीव झालं नाही किंवा आंबूस वास आला, तर ते इंजिनात घालू नये. १०० मिली ऑइल वाचवून इंजिन पणाला लावणं ही काही काटकसर नव्हे.

टू-स्ट्रोक मशीनचा मामला आणखी नाजूक. तिथे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. ५०:१ प्रमाण सांगितलं असेल तर लिटरला २० मिली. हे मिश्रण महिन्याभरात संपवलेलं बरं. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी वाढलं की ते इथेनॉलसह तळाशी उतरतं, आणि कार्ब्युरेटरमध्ये पहिलं तेच जातं. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून, उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालू ठेवावं.

इंजिनातून काढलेलं काळं ऑइल वाळवीसाठी वाशांना फासायची किंवा बांधावर ओतायची सवय गावोगावी आहे. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि विहिरीशेजारच्या जमिनीत तर तो मुळीच जाऊ नये. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावं. आणि नवा डबा फोडाल त्या दिवशीच त्याच्यावर मार्करने तारीख लिहा, बूच घट्ट लावा आणि जमिनीवर न ठेवता कोरड्या फळीवर ठेवा.