रात्री दूरचं केंद्र का लागतं?

तुमच्यापैकी बऱ्याच जणी विचारतात, "टेकडीपलीकडच्या वाडीत आपलं केंद्र लागत नाही, आणि जुन्या रेडिओवर रात्री परराज्यातली केंद्रं कशी लागतात?" आज तेच समजून घेऊ.

आपलं केंद्र एफएमवर आहे. एफएमच्या लहरी बॅटरीच्या उजेडासारख्या जवळजवळ सरळ जातात. मध्ये टेकडी आली की पलीकडे सावली पडते. वर गेलेल्या लहरी आकाशापार निघून जातात, परतत नाहीत. म्हणून आपला आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतच पोचतो. दोष तुमच्या रेडिओचा नाही. एरियल पूर्ण उघडा, रेडिओ खिडकीत ठेवून बघा.

मीडियम वेव्हचं तसं नाही. जमिनीपासून सुमारे 60 किलोमीटरच्या वर, सूर्याच्या किरणांमुळे विरळ हवेत वीजभार असलेले कण तयार होतात. त्या थरांना आयनांबर म्हणतात. दिवसा त्यातला सगळ्यात खालचा थर मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. जमिनीलगत येतात तेवढ्याच आपल्याला मिळतात. दिवस मावळला की हा थर विरतो. मग लहरी 100 किलोमीटरच्या वरच्या थरांपर्यंत जातात, तिथून खाली वळतात आणि शेकडो किलोमीटर दूर उतरतात. ते थर सतत हलते-बदलते असतात, म्हणून रात्री आवाज कधी मोठा, कधी बारीक येतो.

याचा आपल्याला उपयोग काय? 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कितीतरी गावांत वीज गेली, मोबाइल बंद पडले. अशा वेळी सेलवरचा रेडिओच बातमी देतो. म्हणून गटाकडे मीडियम वेव्ह असलेला एक रेडिओ आणि जादा सेल ठेवा. मोबाइलमध्ये रेडिओ असलाच तर तो बहुधा एफएमचाच असतो.

दिवसा कोणतं केंद्र लागतं, रात्री कोणतं, ते आजच लावून बघा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. मीडियम वेव्हची एरियल रेडिओच्या आतच असते, त्यामुळे आवाज नीट येईपर्यंत रेडिओच हळूहळू फिरवा.

आणि एक लक्षात ठेवा. रात्री ऐकलेला इशारा दूरच्या जिल्ह्याचाही असू शकतो. आधी केंद्राचं आणि जिल्ह्याचं नाव नीट ऐका, मगच चार घरी निरोप द्या.