केस काढा, केस करा!

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दादींना घेऊन आम्ही कुंभार पिंपळगावहून पहाटेच्या गाडीने निघालो होतो. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर गर्दी होती. आतल्या माणसाने मान वर न करता सांगितले, "आधी केस काढून आणा, मग डॉक्टर बघतील." दादींनी ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आँख का इलाज है, बालां कायकू निकालना?"

रांगेतले सगळे हसले, आम्हीही हसलो. पण दादींचे काय चुकले? घरी आम्ही दखनी बोलतो, बाजारात मराठी. मराठीत केस म्हणजे डोक्यावरचे केस, हे त्यांना पक्के ठाऊक. 'केस पेपर' ही चिठ्ठी त्यांच्या उभ्या आयुष्यात कधी आली नव्हती. आता सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरला पैसेही लागत नाहीत. तेवढे समजावून सांगितल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो हसण्यासारखा नव्हता. "केस पेपर? आपल्यावर कसली केस झाली, बेटा?"

हा एवढासा इंग्रजी शब्द आपल्या घरात किती रूपांनी शिरला आहे, ते त्या दिवशी परतीच्या गाडीत आम्ही मोजत बसलो. कोर्टातली केस. पोलिसांची केस. डॉक्टर म्हणतात, "केस अवघड आहे," तेव्हा केस म्हणजे पेशंट, म्हणजे आपलेच माणूस. मोबाइलचे कव्हर ही केस, प्रवासाला निघालो की सुटकेस. ऑनलाइन फॉर्म भरणारा मुलगा पासवर्डसाठी "एक अक्षर अप्पर केस टाका" म्हणतो. आणि इंग्रजीच्या व्याकरणात केस म्हणजे आपली विभक्ती.

खरे तर हे दोन वेगळे शब्द आहेत, वळणे घेत एकाच उच्चारावर येऊन थांबलेले. एक लॅटिनमधल्या 'कासुस'वरून आला. त्याचा अर्थ पडणे, म्हणजे येऊन पडलेली गोष्ट, घडलेली घटना. कोर्टाची, दवाखान्याची आणि व्याकरणाची केस या कुळातली. दुसरा 'काप्सा'वरून आला, म्हणजे पेटी. सुटकेस आणि मोबाइलची केस त्या कुळातल्या. अप्पर केसही पेटीचीच. जुन्या छापखान्यात शिशाचे खिळे लाकडी खणांच्या पेट्यांत ठेवत. मोठ्या अक्षरांची पेटी वर, लहान अक्षरांची खाली. पेट्या गेल्या, नाव राहिले.

आपल्याकडे या कामासाठी शब्द नव्हते असे मुळीच नाही. मुकदमा, दावा, फिर्याद, कैफियत, वकील, जामीन हे सारे अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. मराठवाड्यात तर १९४८ पर्यंत निजामाची राजवट, कचेरीचा कारभार उर्दूत. आणि इंग्रजीलाच का हसावे? आपला खटला कोर्टात चालतो, आणि खेड्यात "मोठं खटलं आहे" म्हणजे घरात माणसे पुष्कळ!

हसण्यावारी जाते तोवर ठीक. पण गेल्या वर्षी आमच्या शेजारी जे घडले त्यात हसण्यासारखे काही नव्हते. कपाशीवर फवारणी करून आलेला तरुण मुलगा संध्याकाळी उलट्या करू लागला, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक. दवाखान्यात वडिलांनी सांगितले, "उन्हाने चक्कर आली." का? तर कोणीतरी कानात सांगितले होते, औषधाचे नाव काढाल तर केस होईल, पोलीस येतील. औषधाची बाटली त्यांनी घरीच गोठ्यात लपवली. डॉक्टरांनी वासावरून ओळखले म्हणून मुलगा वाचला, अल्हम्दुलिल्लाह. पण दोन तास फुकट गेले.

विषबाधा, भाजणे, अपघात, मारहाण अशा पेशंटची दवाखान्यात एमएलसी नोंद होते आणि पोलिसांना कळवले जाते. ती नोंद आहे, आरोप नाही. पोलीस येऊन जबाब घेतात, तोही आधी उपचार सुरू झाल्यावर. सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे की जीव वाचवणे आधी, कागद नंतर. मुलाने रागाच्या भरात स्वतःच काही घेतले असेल तरी लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला शिक्षेऐवजी आधार देण्याची भूमिका आहे. बाटली सोबत न्यावी. तिच्या लेबलवर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सर्वांत जहाल, आणि सोबतच्या माहितीपत्रकात उतारा कोणता तेही छापलेले असते. देव न करो, पण माणूस दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेची दोन लाखांची मदत मागताना पोलिसांचा कागद लागतोच. ज्या केसला आपण भितो, तिच्यावाचून अर्ज पुढे सरकत नाही.

केसची आणखी एक भीती आपल्या घरात आहे. ती बायकांच्या वाट्याला येते. सासरी त्रास सोसणाऱ्या मुलीला सगळे सांगतात, "काही कर, पण केस करू नकोस, घराण्याचं नाव जाईल." समझोता झाला तर उत्तमच, घरच्या वडीलधाऱ्यांनी मध्ये पडायलाच हवे. पण तक्रार करणेच लाजिरवाणे, हे आम्हाला पटत नाही. खौला बिन्त सअलबा (रजि.) यांनी पतीविरुद्धची तक्रार थेट अल्लाहच्या रसूल (स.) यांच्यासमोर मांडली, वादही घातला, आणि कुरआनात सूरह अल्-मुजादिला त्या प्रसंगाने सुरू होते. कोणी त्यांना गप्प बसवले नाही. आज स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली वकील मोफत मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा लागतो.

हे सारे आम्ही दादींना एका बैठकीत सांगितले नाही. थोडे थोडे सांगितले. त्यांनी आपला केस पेपर पत्र्याच्या पेटीत, निकाहनाम्याच्या शेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला. चार महिन्यांनी दुसऱ्या डोळ्यासाठी गेलो. तीच खिडकी, तोच माणूस. "केस काढलीत का?"

दादींनी पिशवी पुढे केली. "नवी कशाला बेटा? माझी जुनीच केस आहे, ती चालव."