काकांचा जुना संगणक : मोडीत काढू नका, सुधारा



केदारखेड्यासारख्या गावात काका-मामांना संगणक लागतो तो सातबारा काढायला, फॉर्म भरायला, निकाल पाहायला. एवढ्यासाठी नवा कशाला?

१) आधी फोटो, कागदपत्रे पेनड्राइव्हवर घ्या.

२) हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवा. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीत काहीच फिरत नाही. म्हणून संगणक पटकन सुरू होतो.

३) रॅम २ जीबी असेल तर वाढवा. मात्र डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, जुनी पट्टी दुकानात सोबत न्या.

४) विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ चालत नसेल तर मोफत लिनक्स मिंट टाका. त्यात मराठीही लिहिता येते. काका त्यावर बँकेचे व्यवहार करत असतील, तर ही पायरी अजिबात टाळू नका.