फंडाचा पैसा : मांडवाला की शिक्षणाला?

आमच्या भंडारा जिल्ह्यात विड्या वळता वळता कित्येक मायमाउल्यांची हयात गेली. १९७७ साली विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू झाला. घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही तो लागू आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिला. म्हातारपणाची ही पुंजी अशी लढून मिळाली आहे.

वस्तीत फंडाचे अर्ज भरून देताना आम्ही एक गोष्ट पाहतो. लग्नाच्या मांडवासाठी पैसा काढताना कोणी आडवे येत नाही. पण बारावीनंतर घरी बसलेल्या पोरीला पुन्हा कॉलेजात घालायचे म्हटले, की "म्हातारपणी काय खाल?" असे लगेच विचारले जाते.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून पैसा साठवला. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेनांनी कर्ज दिले आणि १९२० साली बाबासाहेब पुन्हा शिकायला गेले.

तरीही फंड रिकामा करू नका. काढलेला पैसा परत भरावा लागत नाही, पण त्यावरचे पुढचे व्याज बुडते. आधी शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. कमी पडेल तेवढेच काढा. बंधुभगिनींनो, मांडव साधा घाला, पण पोरीची फी थांबवू नका.

जयभीम!