बाजारात बोलतो, मुलाखतीत का थिजतो?

जून २०२२ आठवतोय ना? सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून फोनवर बोलले आणि ‘काय झाडी, काय डोंगार’ महाराष्ट्रभर झालं. राजकारण बाजूला ठेवू. मुद्दा बोलीचा आहे. त्या बोलीवर रील्स निघाली, डीजेवर गाणी वाजली. आणि तीच बोली घेऊन पुण्याला नोकरी शोधायला गेलेला आपला माणूस मुलाखतीत ‘डोंगार’ तोंडातून निसटू नये म्हणून इतका जपतो, की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरच राहून जातं.

हा माणूस बावीस-तेवीसचा असेल तर त्याला वेळ आहे. कॉलेजात प्लेसमेंट सेल असतो, चार मित्र सोबत असतात. आज लिहायचंय ते त्याच्या थोरल्या भावाबद्दल आणि वहिनीबद्दल, तिशी ओलांडून पुन्हा शिकायला बसणाऱ्यांबद्दल. सांगोल्यात अशी माणसं का दिसतात, हे डाळिंबाला विचारा. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल इथूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली. त्यानंतरच्या दोनेक वर्षांत तेल्या, मर आणि खोडाला भोकं पाडणारा पिन होल बोरर यांनी तालुक्यातल्या कितीतरी बागा खाल्ल्या. झाडं उपटून बांधावर टाकायची वेळ आली. ज्यानं दहा-बारा वर्षं बाग सोडून दुसरं काही केलं नाही, त्याला पस्तिसाव्या वर्षी बायोडेटा लिहायला बसावं लागलं. तिकडं पोरं शाळेत जायला लागली की राहिलेली पदवी मुक्त विद्यापीठातून पुरी करणाऱ्या बायकाही आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघालं ते अशाच लोकांसाठी. पदवी मिळते. पुढं मुलाखतीच्या खोलीत काय करायचं, ते पदवीच्या पुस्तकात नसतं.

मग कुणीतरी सांगतं, ‘सॉफ्ट स्किल्स कमी पडतात.’

हा शब्द आला कुठून ते ऐकून मला गंमत वाटली होती. तो कॉर्पोरेटमधून आलेला नाही. तो अमेरिकन सैन्यातला आहे. सैनिकांना काय काय शिकवायचं याची यादी करताना त्यांनी यंत्राशी संबंध असलेली कामं एका बाजूला काढली आणि माणसांशी, कागदांशी संबंध असलेली दुसऱ्या बाजूला. यंत्र कडक लोखंडाचं, म्हणून उरलेलं ते ‘सॉफ्ट’. १९७२ मध्ये त्यांनी या विषयावर परिषदही घेतली होती. म्हणजे मुळात अर्थ एवढाच, की जिथं समोर माणूस आहे तिथं लागणारं कौशल्य. इंग्रजी उच्चार आणि टाय त्याला नंतर चिकटले.

या अर्थानं बघितलं तर सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार म्हणजे भरलेला वर्गच. खिलार बैलाचा किंवा शेळीचा सौदा होताना बघा. विकणारा किंमत सांगून गप्प बसतो, कारण पुढं जो आधी बोलेल तो उतरेल हे त्याला माहीत असतं. घेणारा जनावराचे दात बघता बघता मालकाचा चेहरा वाचतो. जुनी माणसं अजून रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात, म्हणजे चारचौघात कुणाचा पाणउतारा नको. सौदा मोडला तरी चहा एकत्र होतो, कारण पुढच्या रविवारी पुन्हा तोंड बघायचंय. ऐकणं, थांबणं, समोरच्याला ओळखणं, नातं टिकवणं, सगळं यात आलं. हेच मॅनेजमेंटच्या वर्गात स्लाइडवर शिकवतात आणि त्याची फी घेतात.

आपल्याकडं ही कौशल्यं नाहीत, हे मला मान्यच नाही. ती एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेता येत नाहीत, अडचण तिथं आहे.

ज्यांनी नेली त्यांचं उदाहरण लांब नाही. माण नदी ज्या म्हसवडवरून वाहत सांगोल्याकडं येते, तिथल्या बायकांना बँक काढायची होती. चेतना सिन्हा यांच्यासोबत त्यांनी रिझर्व्ह बँकेकडं अर्ज केला. तो फेटाळला गेला, कारण प्रवर्तकांमधल्या काही बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, कागदावर अंगठे होते. बायका निराश होऊन घरी बसल्या नाहीत. वर्ग सुरू केले. दिवसभर राबून रात्री अक्षरं गिरवली आणि काही महिन्यांनी पुन्हा गेल्या. चेतनाताईंनी पुढं टेड टॉकमध्ये हा प्रसंग सांगितलाय. बायकांचं म्हणणं असं होतं की आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, त्यात आमचा दोष काय? हिशेब आम्हाला येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता सांगायला लावा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आता हा प्रसंग मुलाखत म्हणून वाचा. उणीव लपवली नाही, तिचं कारण सांगितलं, ती भरून काढायला काय केलं ते दाखवलं आणि जे येतं त्याची परीक्षा घ्या म्हटलं. इतकं नेमकं उत्तर एमबीएवाल्यालाही सुचणं अवघड.

म्हणून क्लासला पैसे भरण्याआधी घरबसल्या करण्यासारखं एक काम सांगते. समजा, दोन एकर बाग होती. बायोडेटात ‘शेती’ असा एक शब्द लिहून मोकळं होऊ नका. बहार कधी धरायचा हे कुणी ठरवलं? तोडणीला किती मजूर होते आणि ऐनवेळी निम्मे आले नाहीत तेव्हा काय केलं? व्यापाऱ्यानं दर पाडला तेव्हा काय बोललात? असे तीन प्रसंग वहीत उतरवा. प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही, सगळ्यांचंच तसं होतं. चौथ्या-पाचव्या वेळी फापटपसारा आपोआप गळतो. बचत गटाचं इतिवृत्त लिहिणाऱ्या, कर्जाचा हप्ता थकवणाऱ्या बाईची समजूत काढणाऱ्या वहिनीनं ‘दहा वर्षं घरीच होते’ असं म्हणणं तर मला चूकच वाटतं. ते वसुलीचं आणि संवादाचं काम आहे, तसंच सांगावं. बोली राहू दे. समोरच्याला कळेल इतकं सावकाश बोललं की पुरे.

नोकरी लागल्यावरची अडचण वेगळी आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. टीम लीडर चोवीस वर्षांचा असतो. गावात ज्याला ‘अरे बाळ्या’ म्हटलं असतं, त्याला ‘सर’ म्हणायचं, वर त्यानं काढलेल्या चुका ऐकून घ्यायच्या. जिवावर येतं. ‘समजलं नाही, परत सांगता का?’ हे वाक्य वीस वर्षांचा पोरगा सहज म्हणतो, चाळिशीतल्या माणसाच्या घशात अडकतं. आणि आपलं ते लाडकं ‘करू की’! गावात त्याचा अर्थ हो, बघू आणि नाही यातला काहीही असतो, ऐकणाऱ्याला बरोबर कळतो. ऑफिसात त्याचा अर्थ ‘आज होणार’ असा घेतला जातो आणि संध्याकाळी भांडण. तिथं ‘गुरुवारी चारपर्यंत देतो’ किंवा ‘या आठवड्यात जमणार नाही’ असंच म्हणावं लागतं. त्याला उद्धटपणा समजत नाहीत, हे कळायलाच काहींना वर्ष जातं.

या सगळ्याचा उपयोग होतो का? होतो, पण कुणाला ते बघा. कर्नाटकातल्या पाच कपडे कारखान्यांत अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केलाय. नाव नोंदवलेल्या बायकांमधून सोडत काढून काहींना सुमारे ऐंशी तासांचं प्रशिक्षण दिलं. विषय होते संवाद, वेळेचं नियोजन, अडचण सोडवणं. प्रशिक्षण मिळालेल्या बायकांचं उत्पादन बाकीच्यांपेक्षा स्पष्ट वाढलं. कंपनीला गुंतवणुकीवर २५० टक्के निव्वळ परतावा मिळाला. बायकांचा पगार वाढला अर्धा टक्का.

अर्धा टक्का! शिवणयंत्रावर बसलेल्या बाईचं काम सुधारलं, त्याचा मलिदा दुसऱ्यानं खाल्ला. पगार कसा मागायचा याचा तास या क्लासांत बहुधा नसतोच. त्यासाठी रविवारचा बाजारच उपयोगी पडेल. आधी त्याच कामाला सोलापुरात, पंढरपुरात, पुण्यात काय देतात ते चार जणांना विचारून ठेवायचं. ‘तुमची अपेक्षा काय?’ असं विचारलं की ‘तुम्ही द्याल ते’ म्हणायचं नाही. आकडा सांगायचा आणि शेळी विकताना बसतो तसं गप्प बसायचं.