टाळ्यांचा हिशेब

25 मार्च 2022 रोजी उत्तर कोरियाच्या सरकारी दूरचित्रवाणीने एक चित्रफीत दाखवली. विमानतळावरच्या एका गोदामाचे भलेमोठे दार सरकते आणि काळे चामडी जाकीट, काळा चष्मा अशा वेशातले किम जोंग-उन संथ गतीने कॅमेऱ्याकडे चालत येतात. दोन्ही बाजूंना एकेक लष्करी अधिकारी. तिघे मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतात, किम चष्मा काढून मान हलवतात आणि मागून ह्वासाँग-17 हे अजस्र क्षेपणास्त्र बाहेर येते. पुढे उलटी मोजणी, आग, धूर आणि जल्लोष. जगभर ही फीत दाखवली गेली ती गंमत म्हणून. हॉलिवूडच्या चित्रपटांशी तुलना झाली, विडंबने निघाली. चारच दिवसांनी दक्षिण कोरियाच्या संरक्षण मंत्रालयाने आपल्या संसदेला सांगितले की 24 मार्चला उडालेले क्षेपणास्त्र बहुधा जुने ह्वासाँग-15 होते आणि फितीतली बरीचशी दृश्ये आधीची असावीत. चित्रातल्या सावल्या सकाळच्या होत्या, क्षेपणास्त्र उडाले होते दुपारी. या बनावाचे कारणही मंत्रालयाने सुचवले. 16 मार्चला राजधानी प्याँगयांगच्या विमानतळावरून सोडलेले क्षेपणास्त्र हवेतच फुटले होते आणि ते शहरातल्या लोकांनी पाहिले होते. ते अपयश पुसून टाकणारे यश त्यांना तातडीने दाखवणे भाग होते.

म्हणजे जग ज्या फितीतल्या चष्म्यावर हसत होते, ती मुळात जगासाठी केलेलीच नसावी. प्याँगयांगच्या रहिवाशांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर सरकारी शिक्का उमटवणे हे तिचे काम होते. अपयश पाहिलेल्या माणसाला ही फीत खोटी वाटली, तरी सत्तेचे काही बिघडत नाही. यापुढे चारचौघांत कोणती हकिगत बोलायची आणि कोणती गिळायची, एवढे त्याला कळले की पुरे. हुकूमशहांचे गोडवे गाणारी प्रसारणे बाहेरून पाहताना आपली गल्लत नेमकी इथे होते. ती लोकांना पटवण्यासाठी केली जातात असे आपण धरून चालतो, ती कुणाला पटणे शक्य नाही असे पाहतो आणि हसून मोकळे होतो. माझे म्हणणे असे की ही प्रसारणे मुख्यतः आज्ञापालनाची रोजची हजेरी घेण्यासाठी असतात, आणि आपल्या हसण्यामुळे ती हजेरी देणारी माणसे आपल्या नजरेतून निसटतात.

याचा सर्वांत उघड पुरावा खुद्द उत्तर कोरियाच्या सत्तेनेच डिसेंबर 2013 मध्ये दिला. किम जोंग-उन यांच्या आत्याचे यजमान जांग सोंग-थेक हे तोवर राजवटीतले अत्यंत वजनदार पुढारी मानले जात. 7 डिसेंबरला दूरचित्रवाणीवर एक जुना माहितीपट पुन्हा लागला, तेव्हा त्यातून जांग गायब झालेले होते. 9 तारखेला पक्षाच्या बैठकीतून गणवेशधारी रक्षक त्यांना दंडाला धरून उठवत असल्याची छायाचित्रे पडद्यावर आली. 12 तारखेला त्यांना देहदंड देण्यात आला. सरकारी वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या लांबलचक आरोपपत्रात कटकारस्थान आणि भ्रष्टाचार यांच्या जोडीने आणखी एक गुन्हा नोंदवलेला होता. किम जोंग-उन यांची पक्षाच्या मध्यवर्ती लष्करी आयोगाच्या उपाध्यक्षपदी निवड जाहीर झाली, तेव्हा सारे सभागृह जयजयकार करीत असताना जांग नाइलाजाने उठले आणि त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या नाहीत. ती निवड सप्टेंबर 2010 मधली. तीन वर्षांपूर्वीच्या टाळ्या किती जोरात वाजल्या याचा हिशेब मृत्युदंडाच्या कागदपत्रात मांडला गेला आणि तो मुद्दाम देशभर ऐकवला गेला. टाळी ही नोंद आहे आणि नोंद ठेवली जाते, ही गोष्ट त्यानंतर कुठल्याही नागरिकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

याच प्रकरणात बाहेरच्या जगाने काय उचलले ते पाहण्यासारखे आहे. जांग यांना 120 उपाशी कुत्र्यांपुढे टाकले, अशी बातमी काही आठवड्यांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. तिचा उगम होता एका चिनी समाजमाध्यमावरचा उपहासात्मक मजकूर. अधिकृत आरोपपत्र मात्र कुणालाही वाचता येईल असे समोर पडलेले होते. अशी उदाहरणे एकदोन नाहीत. ऑगस्ट 2013 मध्ये दक्षिण कोरियातल्या एका वृत्तपत्राने ह्योन सोंग-वोल या गायिकेला गोळ्या घातल्याचे छापले. मे 2014 मध्ये ती उत्तर कोरियाच्या दूरचित्रवाणीवर दिसली आणि जानेवारी 2018 मध्ये हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने शिष्टमंडळाची प्रमुख म्हणून थेट दक्षिण कोरियात आली. उत्तर कोरियाने सूर्यावर माणूस उतरवल्याचा दावा केला, ही बातमी आयर्लंडमधल्या एका विडंबन संकेतस्थळाची. 2014 च्या विश्वचषक फुटबॉलमध्ये आपला संघ अंतिम फेरीत पोचल्याचे तिथल्या दूरचित्रवाणीने सांगितले, ही फीतही बाहेर कुणीतरी बनवलेली. या साऱ्यांवर विश्वास सहज बसला, कारण त्या देशात काहीही घडू शकते आणि तिथली माणसे कशावरही विश्वास ठेवतात, हे आपण आधीच ठरवून टाकलेले असते. मराठी आणि हिंदी वृत्तवाहिन्यांवर ‘सनकी हुकूमशहा’ अशा मथळ्यांखाली जे दाखवले जाते, त्याचा पायाही हाच. प्रचाराला फसणाऱ्या भोळ्या जनतेची थट्टा करता करता आपण स्वतः मात्र ऐकीव गोष्टी पडताळून न पाहता पुढे पाठवत राहतो.

उत्तर कोरियातल्या घराच्या आतून हे प्रसारण कसे दिसते, याची साधने आता पुष्कळ उपलब्ध आहेत. तिथले रेडिओ संच सरकारी केंद्रांवरच स्थिर करून मोहोरबंद केलेले असतात. अनेक घरांत तारेने जोडलेला ध्वनिक्षेपक असतो. नेत्यांच्या तसबिरी भिंतीवर लावाव्या लागतात आणि त्या स्वच्छ आहेत की नाहीत याची तपासणी होते. शेजारसमिती ये-जा टिपते आणि ठरावीक दिवशी आत्मटीकेच्या सभेला बसावे लागते. प्रसारण या सगळ्या व्यवस्थेचा एक भाग आहे, सुटा कार्यक्रम नाही. 8 जुलै 1994 रोजी किम इल-सुंग वारले, तेव्हाच्या शोकाविषयी अमेरिकी पत्रकार बार्बरा डेमिक यांनी चोंगजिन शहरातून पळून आलेल्यांच्या मुलाखतींच्या आधारे लिहिले आहे. बातमी ऐकून आपल्याला काहीच वाटत नाही हे लक्षात आल्यावर एक विद्यार्थी घाबरला. सगळे रडत होते. पापणी न लववता तो एकटक पाहत राहिला, डोळे चुरचुरून पाणी येईपर्यंत. बालवाडीच्या एका शिक्षिकेला दिसले की एक चिमुरडी पुतळ्यापुढे हातावर थुंकून ती ओल गालांना लावते आहे. विचारल्यावर मुलीने सांगितले की रडू आले नाही तर तू वाईट, असे आईने बजावले आहे. डिसेंबर 2011 मध्ये किम जोंग-इल वारल्यावर बर्फात ऊर बडवणाऱ्या गर्दीची दृश्ये जगाने पाहिली. त्या गर्दीत अशी मुले आणि असे विद्यार्थी किती असतील, हा प्रश्न हसणाऱ्याच्या मनात येत नाही.

विश्वास नसतानाही विश्वास असल्यासारखे वागायला लावणे, यातच अशा सत्तेचे बळ असते, हा विचार राज्यशास्त्राने नीट तपासला आहे. लिसा वेडीन यांनी हाफिज अल-असद यांच्या काळातल्या सीरियाचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध केला. असद हे देशातले अव्वल औषधतज्ज्ञ आहेत, अशा थाटाचे दावे तिथे खुशाल केले जात. म्हणणाऱ्याला ते खरे वाटत नसे, ऐकणाऱ्यालाही नसे. दावा जितका अचाट, तितकी तो उच्चारायला लावणाऱ्याची ताकद मोठी दिसते, आणि उच्चारणारा आपल्याच नजरेत उतरतो. हायफेंग ह्वांग यांनी 2015 मध्ये चीनमधल्या विद्यार्थ्यांविषयी मांडलेला निष्कर्षही याला पूरक आहे. सरकारी प्रचार ज्यांना जास्त ठाऊक होता ते सरकारवर अधिक खूश नव्हते, पण सरकार आपली पकड राखू शकते याची त्यांना अधिक खात्री होती आणि विरोध करण्याची त्यांची तयारी कमी होती. प्रचार न पटताही काम करतो, तो असा.

यावर पहिला आक्षेप असा की उत्तर कोरियात मनापासून मानणारेही आहेतच. आहेत, आणि हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. डेमिक यांच्याच पुस्तकात किम इल-सुंग गेल्यावर खरोखर कोसळलेली, निष्ठावान स्त्री भेटते. दुसरे काहीच ऐकू न देणाऱ्या देशात जन्मभर राहिल्यावर श्रद्धा उपजणे अस्वाभाविक नाही. पण खरा अश्रू आणि ओढूनताणून आणलेला अश्रू यांत फरक करणे तिथे शेजाऱ्यालाही जमत नाही, आणि सत्तेला तेच हवे असते. ज्याच्या मनात शंका आहे त्याला सभोवार फक्त निष्ठा दिसते आणि आपण एकटेच आहोत असे वाटत राहते. श्रद्धाळूंची संख्या कमी-जास्त असली तरी ही यंत्रणा चालतेच. शिवाय सत्तेचा स्वतःच्या प्रसारणावर पूर्ण भरवसा असता, तर दक्षिण कोरियाच्या मालिका वाटणाऱ्याला मृत्युदंडापर्यंतची शिक्षा ठेवणारा डिसेंबर 2020 चा कायदा तिला करावा लागला नसता.

ही यंत्रणा एकटेपणावर उभी असते, याचा दाखला रुमानियात मिळतो. निकोलाय चाउशेस्कू 1971 मध्ये चीन आणि उत्तर कोरियाचा दौरा करून आले आणि तिथल्या व्यक्तिपूजेचे वळण त्यांनी मायदेशी गिरवले. 1985 पासून रुमानियाची दूरचित्रवाणी दिवसाला जेमतेम दोन तास चाले आणि त्यातही मोठा वाटा चाउशेस्कू दांपत्याच्या स्तुतीचा. 21 डिसेंबर 1989 रोजी बुखारेस्टच्या चौकात नेहमीसारखी जमवून आणलेली सभा थेट दाखवली जात होती. भाषण सुरू झाल्यावर थोड्याच वेळात गर्दीतून आरडाओरडा उठला. चाउशेस्कू थबकले, हात वर करून लोकांना शांत करू लागले, आणि प्रसारण काही मिनिटे तुटले. मग पगारवाढीची आश्वासने देऊन झाली, पण देशाने पाहायचे ते पाहिले होते. दुसऱ्या दिवशी ते हेलिकॉप्टरमधून पळाले आणि 25 डिसेंबरला त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तिमिशोआरा शहरातला उठाव आणि लष्कराचे फिरणे ही कारणे होतीच. पण चाउशेस्कूंविषयीचे रुमानियन लोकांचे मत काही त्या दुपारी बदलले नव्हते. शेजाऱ्याचेही मत आपल्यासारखेच आहे, हे त्यांना त्या दुपारी एकदम कळले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हुकूमशहाला सर्वांत जास्त भीती हसण्याची असते, मग हसू नका असे का म्हणता? याचे उत्तर हसणारा कोण यावर अवलंबून आहे. चाउशेस्कूंच्या राज्यात कुजबुजत सांगितलेला विनोद दोन माणसांना एकमेकांशी बांधत असे, कारण सांगणाऱ्याने नोकरी आणि स्वातंत्र्य पणाला लावलेले असे. मुंबईत किंवा न्यूयॉर्कमध्ये बसून हसणाऱ्याने काहीच पणाला लावलेले नसते आणि त्याचे हसू त्या मोहोरबंद रेडिओपर्यंत पोचतही नाही. तिसरा आक्षेप, की गांभीर्याने पाहिल्यास राजवटीला प्रतिष्ठा मिळते. प्रतिष्ठा मिळवण्याची वाट राजवटीला आपल्याशिवायही सापडते. किम इल-सुंग यांच्या स्तुतीच्या जाहिराती 1970 च्या दशकात पाश्चात्त्य दैनिकांत पैसे मोजून छापल्या गेल्या आणि परदेशी वृत्तपत्रेही नेत्याला वाखाणतात असे देशात सांगितले गेले. म्योह्यांग पर्वतातल्या प्रदर्शनात परदेशी पाहुण्यांच्या भेटवस्तू मांडलेल्या आहेत, त्याही याच कारणासाठी. बाहेरच्यांची नजर ही राजवट पूर्वीपासून वापरत आली आहे. बारकाईने तपासणारी नजर मात्र तिला वापरता येत नाही.

म्हणून अशी फीत समोर आली की काही साधे प्रश्न विचारायला हवेत. ही कोणाला दाखवली जात आहे? आताच का? मागच्या वेळी दिसलेला कोणता चेहरा आज दिसत नाही? कोणते अपयश झाकले जात आहे? 1991 मध्ये उत्तर कोरियाने ‘दिवसाला दोनच वेळा जेवू या’ अशी मोहीम काढली. देशाची रेशनव्यवस्था ढासळत असल्याची ती कबुलीच होती, आणि पुढच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. मायकेल किर्बी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने 2014 मध्ये साक्षी, उपग्रहचित्रे आणि कागदपत्रे यांची सांगड घालून दाखवून दिले की काळजीपूर्वक पाहिले तर बंदिस्त देशाविषयीही ठाम बोलता येते. राजकीय कैद्यांच्या छावण्यांत 80 हजार ते 1 लाख 20 हजार माणसे असावीत, असा त्याचा अंदाज होता. टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येक रांगेला ही छावणी ठाऊक आहे. ती जाणून ते वाजवतात आणि ती न जाणता आपण हसतो. त्या टाळ्यांमागची सक्ती ओळखणे एवढे तरी आपल्या हातात आहे, आणि तेवढे आपण त्या माणसांचे देणे लागतो.