कोड पुस्तकात, पण फोन कुणाच्या हातात?

परवा वर्गात मुलांना सहज विचारलं, "पाठाच्या कडेला तो काळा-पांढरा चौकोन आहे ना, तो घरी कुणी कुणी उघडून पाहिला?" अडतीस मुलांत अकरा हात वर झाले. त्यांत मुलींचे तीन. जिच्याकडून माझी खात्रीची अपेक्षा होती, ती मान खाली घालून बसली होती. मधल्या सुट्टीत जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली, "बाई, फोन हाय की घरात. पण त्यो दादाकडं असतोय."

मैत्रिणींनो, मुलीचं ते बोलणं डोक्यात घेऊनच मी घरी आले. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता एकदम लक्षात आलं, की अगं बाई, आपल्या घरात तरी दुसरं काय चाललंय? माझा फोन रोज संध्याकाळी थोरल्याच्या हातात. "त्याची दहावी आहे" हे कारण तयारच. धाकटी सहावीत. तिनं मागितला की मी म्हणते, "तुला कशाला गं आत्तापासून?" शाळेत बाई म्हणून मी मुलींना सांगते एक, आणि घरी आई म्हणून करते दुसरंच!

आता हा कोड म्हणजे आम्हां बार्शीकरांच्या जिव्हाळ्याचा विषय. आपल्या गावचे रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली शेजारच्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. शाळेची इमारत कसली, एका बाजूला जनावरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला सामानाची खोली. तिथं त्यांनी पाठ्यपुस्तकांत असे कोड चिकटवले. फोन धरला, की कविता ऐकू यायची, गोष्ट दिसायची, धडा शिकवतानाचं चित्रण दिसायचं, स्वाध्याय उघडायचा. पुढे २०१७ मध्ये राज्य सरकारनं सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांसाठी ही कल्पना उचलली आणि २०१८ मध्ये एनसीईआरटीच्या पुस्तकांतही असे कोड घालण्याचं केंद्र सरकारनं जाहीर केलं. ३ डिसेंबर २०२० ला डिसले गुरुजींना 'ग्लोबल टीचर' पुरस्कार मिळाला. १४० हून अधिक देशांतून १२ हजारांवर नावं आली होती आणि बक्षीस होतं दहा लाख डॉलर, म्हणजे सुमारे सात कोटी रुपये. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. त्या दिवशी बार्शीत ज्याच्या त्याच्या तोंडी हाच विषय होता. भाजीवालीसुद्धा मला म्हणाली, "आपल्या गावचं मास्तर बघा बाई!"

कोड म्हणजे काही जादू नव्हे. जपानमध्ये १९९४ साली मासाहिरो हारा या अभियंत्यानं मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी तो काढला. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या 'गो' नावाच्या खेळावरून त्याला तो सुचला. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा सांगतात, म्हणून पुस्तक उलटं धरलं तरी चालतं. एकच माहिती त्यात थोडी थोडी जास्तीची भरून ठेवलेली असते. आपण नाही का पाहुण्यांच्या अंदाजानं चार पोळ्या जास्त करून ठेवत, तसंच. त्यामुळे तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो, अर्थात तो तसा बनवलेला असेल तर. आमच्या धाकटीच्या पुस्तकावर वरणाचा हात पुसला गेला होता. मी वैतागले होते, पण कोड उघडला हो!

बालभारतीच्या पुस्तकात पहिल्या पानावर एक कोड असतो आणि पाठांमध्येही असतात. फोनवर 'दीक्षा' नावाचं सरकारी अ‍ॅप घ्यायचं. ते फुकट आहे. त्यातून कोड उघडला की त्या पाठाचं साहित्य दिसतं. इंटरनेट लागतं, हे खरं. पण एक सोय पुष्कळजणींना ठाऊक नसते. ते साहित्य एकदा फोनमध्ये उतरवून ठेवलं, की पुढे नेट नसलं तरी पाहता येतं. शेजारी कुणाकडे वायफाय असेल तर रविवारी वाटीभर साखर मागायला जावं तसं जावं आणि आठवड्याचे पाठ उतरवून आणावेत. यात लाजण्यासारखं काही नाही.

यंत्र आणलं की शाळा सुधारली, अशी पुष्कळांची समजूत असते. मी पूर्वी ज्या शाळेत होते, तिचं नाव नको, तिथं प्रोजेक्टर आला होता. त्याला सुंदर शिवलेला अभ्रा होता. तो निघायचा फक्त तपासणीच्या दिवशी. एरवी धूळ बसू नये म्हणून आम्ही वर्गातली खिडकीसुद्धा लावून घेत होतो! आणि ज्या बाईंना तो लावता यायचा, त्यांची बदली झाल्यावर अभ्रासुद्धा निघायचा थांबला.

आमच्या लहानपणी टीव्हीवर पुण्याच्या 'बालचित्रवाणी'चे कार्यक्रम लागायचे. ही संस्था १९८४ मध्ये निघाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. आम्ही भावंडं जमिनीवर मांडी घालून बघायचो. आजी सुपात ज्वारी निवडत बघायची. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपं लागली तेव्हाही, त्या जुलैपासून, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं आणि धाकटे-थोरले सगळेच समोर बसले. टीव्ही घराच्या मधोमध असतो, तो सगळ्यांचा. फोन खिशात असतो. ज्याचा खिसा, त्याचा फोन!

माझं नुसतं निरीक्षण म्हणून सोडून देऊ नका. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२१ साली देशातल्या खेड्यांमध्ये विचारलं, तेव्हा शाळेत जाणाऱ्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण अशा घरांतल्याही २६.१ टक्के मुलांच्या हाती तो पडत नव्हता. म्हणजे फोन होता, पण मुलाला नव्हता.

फोन जास्त हाताळू देण्याचे तोटे मला माहीत नाहीत असं नाही. युनेस्कोनं २०२३ च्या अहवालात सगळ्या देशांना सांगितलं, की तंत्र शिक्षकाच्या मदतीला घ्या, शिक्षकाच्या जागी नको. एवढा पुढारलेला स्वीडन, पण त्यानंही २०२३ मध्ये लहान मुलांच्या हाती पुन्हा छापील पुस्तकं द्यायचं ठरवलं. आणि सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठरलं, की रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजणार आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाईल बंद. ठराव झाला तो गावातल्या बायकांच्या सभेत. मग आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर समजावीत फिरले. मला त्यातलं आवडलं ते हे, की बंद करायचं तर सगळ्यांनी. एकट्या पोरीच्या हातातला फोन काढून घ्यायचा, असं नाही.

आमच्या घरात मी काय केलं, ते सांगते. ७ ते ७॥ फोन धाकटीचा आणि ७॥ ते ८। थोरल्याचा. जागा एकच, स्वयंपाकघरातला ओटा. तूरडाळीच्या डब्याला टेकून फोन उभा करायचा, म्हणजे मला कुकर बघता बघता तिकडेही बघता येतं. पहिले चार दिवस थोरल्याचं तोंड फुगलं. आमचे हे म्हणाले, "दहावीचं वर्ष आहे, त्याला कशाला त्रास?" मी म्हटलं, "अर्धा तास तो पुस्तक वाचेल, त्यात काय त्रास?" सासूबाई मात्र माझ्या बाजूनं बोलल्या, आणि ते सहसा घडत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. अजूनही रोज जमतं असं नाही. पाहुणे आले, लाईट गेली, की घडी मोडतेच.

त्या मुलीची आई शनिवारी बाजारात भेटली. मी विषय काढला, तर त्या म्हणाल्या, "पोरीच्या हातात फोन दिऊन कसं चालंल बाई? काय बघंल, काय करंल, कुणी सांगावं?"

त्यांची भीती खोटी म्हणवत नाही. आपण सगळ्याच तिला भितो. पण मी म्हटलं, "अहो, दादा काय फोनवर पोथी वाचतोय?" त्या हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत. मग मी म्हटलं, "तिच्या हातात नका देऊ. तुम्ही धरा, तिला शेजारी बसवा. एकच कविता."

सोमवारी मुलगी वर्गात शिरल्या शिरल्या माझ्या टेबलाशी आली. "बाई, आईनंच धरला फोन. तीनदा लावाय लावली कविता."

"मग? पाठ झाली का?"

"आईला झाली बाई. माझी दोन कडवी ऱ्हायलीत."